भागीदारी वीस टक्क्यांची, हमी मात्र संपूर्ण भाड्याची

ऑरलँडोजवळ राहणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. तेथील एका थीम पार्क कंपनीने आपल्या मनोरंजन संकुलातील गाळे बाहेरच्या चालकांना भाड्याने द्यायला काढले असून, 1,500 चौरस फुटांच्या एका गाळ्यात त्यांचा मित्र भारतीय खाद्यपदार्थांचे उपाहारगृह काढतो आहे. 80 हजार डॉलर घालून 20 टक्के भागीदारी घ्यावी का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. दहा वर्षांच्या भाडेकरारासाठी पर्सनल गॅरंटीवर, म्हणजे भाडे थकल्यास ते स्वतःच्या खिशातून भरण्याच्या हमीवर, येत्या शुक्रवारी पती-पत्नी दोघांची ‘औपचारिक’ सही हवी आहे, हे मात्र त्यांनी ता. क. म्हणून कळवले आहे.

डिस्नीनेही हेच केले आणि तिथे पाय ठेवायला जागा नसते, असा तुमच्या मित्राचा युक्तिवाद आहे. ऑरलँडोजवळच्या आपल्या संकुलात 1989 मध्ये सुरू झालेल्या प्लेझर आयलंड या भागात डिस्नी स्वतःचे नाइटक्लब चालवत असे. सप्टेंबर 2008 मध्ये उरलेले क्लब बंद करून तिने ती जागा हळूहळू बाहेरच्या चालकांच्या हाती दिली, आणि 2015 मध्ये त्या परिसराचे नाव डिस्नी स्प्रिंग्ज झाले. क्लब रिकामा राहिला तरी पगार आणि विजेचे बिल भरण्याची जबाबदारी पूर्वी कंपनीची होती. आता ती चालकाची आहे. तेथील रॅग्लन रोड हा आयरिश पब 2005 पासून टिकून आहे, तर ऑगस्ट 2019 मध्ये थाटामाटात उघडलेले एनबीए एक्सपीरियन्स हे बास्केटबॉलवरचे मनोरंजन केंद्र मार्च 2020 मध्ये साथीमुळे बंद झाले ते कायमचेच. संकुलातील गर्दी आपल्याच दुकानात शिरेल, असे कोणताही भाडेकरार लिहून देत नाही.

तुम्ही कळवलेल्या अटींनुसार मूळ भाडे वर्षाला 1 लाख 80 हजार डॉलर आणि सामायिक देखभालीचा आकार सुमारे 60 हजार, म्हणजे एकूण 2 लाख 40 हजार. उपाहारगृहाने जागेवर विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आसपासच खर्च करावा, हा ढोबळ नियम धरला तर वर्षाला 24 लाखांची विक्री हवी. माणशी 15 डॉलर धरले तर रोज साधारण 440 ग्राहक, तेही वर्षाचे 365 दिवस. शिवाय विक्री साडेबावीस लाखांपुढे गेली की वरच्या रकमेतील आठ टक्के पुन्हा जागेच्या मालकाचे. तुमचे जेमतेम जमू लागते, त्याच सुमारास त्याचा वाटा सुरू होतो. मित्राच्या तक्त्यात पहिल्याच वर्षी 22 टक्के नफा दाखवला आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही.

आता त्या ता. क.कडे वळू. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढली आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा तुमचा समज त्या सहीबरोबर संपतो. हमी ‘जॉइंट अँड सेव्हरल’ आहे, असे तुम्हीच लिहिले आहे; म्हणजे मालक पूर्ण थकबाकीसाठी एकट्या तुमच्या मागे लागू शकतो. तिसऱ्या वर्षाअखेरीस दुकान बंद पडले, तर उरलेल्या सात वर्षांचे भाडे व आकार मिळून 16 लाख 80 हजार होतात. नवा भाडेकरू मिळाल्यास आकडा घटेल, पण तो कधी मिळेल हे तुमच्या हाती नाही. त्याहून गंभीर बाब पत्नीच्या सहीची. फ्लोरिडात ‘टेनन्सी बाय द एन्टायरटीज’ या प्रकाराने पती-पत्नीच्या नावे असलेल्या मालमत्तेला एकाच जोडीदाराचा घेणेकरी सहसा हात लावू शकत नाही; दोघांनी सही केली की ते संरक्षण त्या देण्यापुरते उरत नाही. मालकाचा वकील दोन सह्या मागतो त्या उगाच नव्हे.

पैसे कुठून आणणार, तर 50 हजार 401(के) या नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यावर कर्ज काढून आणि 30 हजार इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसीवर, म्हणजे शेअर निर्देशांकाशी व्याज जोडलेल्या आयुर्विम्यावर. पहिली रक्कम आज घेणेकऱ्यांपासून सुरक्षित आहे, ती काढून तुम्ही जोखमीत टाकता आहात. नोकरी सुटली तर शिल्लक कर्ज थोड्याच मुदतीत फेडावे लागेल, नाहीतर ती रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाईल आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर सहसा दहा टक्के दंडही लागेल. पॉलिसीत महिना 1,200 प्रमाणे चार वर्षांत 57,600 भरूनही आज सोडल्यास 38 हजार मिळतात. ‘करमुक्त निवृत्तिवेतन’ म्हणून ती गळ्यात मारणाऱ्या स्नेह्याचे कमिशन केव्हाच वसूल झाले असेल. तीवर कर्ज काढल्यास व्याज आणि विम्याचा खर्च मिळून ती मध्येच लॅप्स होऊ शकते.

शुक्रवारी सही करू नका. पत्नीचे नाव हमीतून पूर्ण वगळावे, तुमची हमी फार तर सहा महिन्यांच्या भाड्यातील तुमच्या वाट्यापुरती, म्हणजे सुमारे 24 हजारांवर थांबावी, आणि दोन वर्षे भाडे वेळेवर भरल्यावर ती संपावी, असे तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून लिहून घ्या. मित्राचा वकील चालणार नाही. मालकाने हे मान्य केले, तरच बचत खात्यातून 20 हजारांपर्यंत घाला, कर्ज काढून नव्हे. पॉलिसीसाठी विमा कंपनीकडून ‘इन-फोर्स इलस्ट्रेशन’, म्हणजे चालू पॉलिसीचे पुढील वर्षांचे अंदाजपत्रक, मागवून मला पाठवा, त्यात व्याजदर चार टक्के धरायला सांगा.