अडुळसा चालेल, पण इनहेलर थांबवू नका

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची आहे. तिने अनेक वर्षे गावी चुलीवर स्वयंपाक केला. आता तिला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार) असल्याचे निदान झाले असून डॉक्टरांनी रोज घ्यायचा इनहेलर दिला आहे. रक्तदाबासाठी ती लघवी वाढवणारी गोळीही घेते. इनहेलरची सवय लागेल या भीतीने तो सोडावा आणि अडुळशाचा काढा, ज्येष्ठमध व सितोपलादि चूर्ण एवढ्यावरच राहावे, असे तिला वाटते. एका नातेवाइकांनी ‘फुप्फुसे स्वच्छ करणाऱ्या’ वनौषधी कॅप्सूलही आणून दिल्या आहेत. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय इनहेलर एक दिवसही बंद करू नका. वर्षानुवर्षांच्या धुराने आईंच्या श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत आणि फुप्फुसांतील वायुकोशांची हानी झाली आहे. ही हानी कोणतीही वनस्पती भरून काढू शकत नाही, आणि इनहेलरही नाही. मात्र इनहेलरमधील औषध नलिका सैल करून श्वास सुकर करते, आणि ते थेट श्वासमार्गात पोहोचत असल्यामुळे अगदी अल्प मात्रेत भागते. त्याचे व्यसन लागत नाही. तो बंद केल्यावर दम वाढतो, कारण दाबून ठेवलेला आजार पुन्हा डोके वर काढतो.

आईंचा अडुळशावरचा विश्वास मात्र निराधार नाही. त्याच्या पानांतील वासिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले, आणि आज खोकल्याच्या कितीतरी सिरपांत असणारे अँब्रॉक्सॉल हे त्याच कुळातले आहे. कफ पातळ होऊन सुटावा, हे या औषधांचे काम. अरुंद झालेली नलिका उघडणे हे त्यांचे काम नव्हे. त्यामुळे डॉक्टरांच्या कानावर घालून, इनहेलरच्या जोडीने आईंनी काढा घेण्यास माझी हरकत नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिला मात्र तो देऊ नये, कारण वासिसिनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते.

मला खरी काळजी वाटते ती ज्येष्ठमधाची. घसा खवखवत असताना एखादा तुकडा चघळणे वेगळे आणि रोज काढ्यातून घेत राहणे वेगळे. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घटवतात. दोन्ही एकत्र आले की पायांत गोळे येणे, गळून जाणे, प्रसंगी हृदयाचे ठोके बिघडणे, इथपर्यंत मजल जाऊ शकते. आईंनी ज्येष्ठमध आजच थांबवावा, आणि तो बरेच दिवस घेतला असेल तर रक्तातील पोटॅशियम तपासून घ्यावे. सितोपलादि चूर्णाच्या मूळ पाठात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ असते. म्हणजे निम्म्याहून अधिक साखरच. मधुमेह असेल तर याचा विचार करावा लागतो.

कॅप्सूल देऊ नका. फुप्फुसे ‘स्वच्छ’ करणारी कॅप्सूल अस्तित्वात नाही. दम्यावरच्या काही बेनामी पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळल्याचे आढळलेले आहे, म्हणून दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखा आराम पडला तर आनंद मानण्याऐवजी ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे. गाजरात असते ते बीटा-कॅरोटीन फुप्फुसांना जपेल या आशेने फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट जास्त आढळला. पदार्थ नैसर्गिक असला तरी गोळीतून भरपूर प्रमाणात घेतल्यावर तो निर्धोक राहीलच, असे नाही.

त्यापेक्षा आईंना इनहेलर नीट घेता येतो का, ते एकदा डॉक्टरांसमोर पाहा. फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून तो घेणे या वयात सोपे जाते. स्टेरॉइड असलेला इनहेलर घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे डाग पडतात. चूल, उदबत्ती आणि ओव्याची धुरीसुद्धा त्यांच्यापासून दूर ठेवा. औषधी असला तरी तो धूरच आहे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दलही विचारून घ्या.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला सर्दी-खोकला झाल्यास मधातून तुळशीचा रस आणि उशाला ओवा-कापराची पोटली, हे चालेल का?
– एक आजी, सोलापूर

उत्तर : आजी, दोन्ही नको. एक वर्षापर्यंत मध चाटवूच नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला स्नायू लुळे पाडणारा बोट्युलिझम होऊ शकतो. कापूर पोटात गेला तर तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात, आणि या वयात हाताला लागेल ते तोंडात जाते. नाकात सलाइनचे थेंब घालावेत आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. बाळ शांत असताना त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ते ५० किंवा अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर त्याच वेळी दवाखाना गाठा.