पुणे महापालिकेचं बजेट १२,६१८ कोटींचं, तरी आमच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन का होत नाही? पैसा जातो कुठे?

तुम्ही लिहिलेला आकडा २०२५-२६ च्या अंदाजपत्रकाचा आहे. पण तो तिजोरीत पडलेला पैसा नव्हे, वर्षभरात एवढं येईल अशी धरलेली आशा आहे. आशेत कमी पडलं की कात्री आधी तुमच्या गल्लीसारख्या कामांना लागते. मी बरीच वर्षं ड्रेनेजची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे बिलं काढायचं काम केलं, त्यामुळे हा कारभार मी खालच्या बाजूने पाहिलाय.

आधी जमेची बाजू. एकेकाळी जकात रोजच्या रोज गल्ल्यात यायची. एप्रिल २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये एलबीटीही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि जुलै २०१७ पासून शासन जीएसटीचं अनुदान देतं. ते दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढतं हे खरं, पण देणारा हात मुंबईत आहे. पालिकेच्या स्वतःच्या हातात उरलं ते मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. त्यातलं दुसरं बिल्डरांचा बाजार तेजीत आहे की मंदीत, यावर हलतं.

मिळकतकराला तर हात लावायची कुणाची छाती नाही. नगरसेवक होते तेव्हा आयुक्तांनी करवाढ सुचवायची आणि स्थायी समितीने ती फेटाळायची, हे ठरलेलंच. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत शासनाने २०१९ मध्ये काढली, लोकांना वाढीव बिलं आली, बोंबाबोंब झाली आणि २०२३ मध्ये ती परत आली. मीही पीटी-३ अर्ज भरून ती घेतली, खोटं कशाला बोलू? पण सवलत हवी आणि ड्रेनेजही हवं, हे गणित कुठेतरी अडतंच.

आता खर्च. पगार, पेन्शन, वीजबिल, कचरा उचलण्याचे ठेके, धरणाच्या पाण्याचे पाटबंधारे खात्याला द्यायचे पैसे, पीएमपी बससेवेच्या तोट्यातला आपला ६० टक्के वाटा (उरलेला ४० पिंपरी-चिंचवडचा) हे सगळं द्यावंच लागतं. मोठ्या प्रकल्पांचे करार अनेक वर्षांचे असतात, त्यांचे हप्तेही टळत नाहीत. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जमा मागे पडलीय असं दिसलं, की कापायला उरतात ती प्रभागातली दहा-वीस लाखांची कामं.

त्यातही रस्त्याकडेचा बसायचा बाक आणि ड्रेनेज यांत बाक जिंकतो, आणि त्यामागे सरळ व्यवहार आहे. बाकाचं काम महिन्याभरात उरकतं, वर नाव रंगवता येतं. ड्रेनेजला आधी पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), मग टेंडर, वर्क ऑर्डर, खोदाईची परवानगी, वाहतूक पोलिसांचा ना हरकत दाखला. खोदल्यावर मध्येच महावितरणची केबल लागते, नाहीतर जुनी पाण्याची लाइन. पाइप टाकून झाला तरी माती ओढण्याआधी कनिष्ठ अभियंत्याने खोली मोजून एमबीत (मोजमाप वहीत) चढवली पाहिजे. साहेब दोन दिवस आले नाहीत, तर चर तसाच उघडा आणि शिव्या ठेकेदाराला. बिल ३१ मार्चच्या आत गेलं नाही तर तरतूद बुडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्खं पुणं खणलेलं दिसतं ते यामुळे. राहिलेलं बिल पुढच्या वर्षावर दायित्व म्हणून चढतं आणि नव्या कामाचे पैसे सुरू होण्याआधीच त्यात जातात.

वर्गीकरण हा आणखी एक प्रकार. नगरसेवकांच्या ‘स’ यादीत (त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची अंदाजपत्रकातली यादी) तुमच्या ड्रेनेजला तरतूद दिसते, तुम्ही खूश होता, आणि ऑक्टोबरात ठराव करून ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवलेली असते. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. तेव्हा नगरसेवकांकडून होणारं कापडी पिशव्या आणि बकेटांचं वाटप थांबलं, पण लहान गल्लीसाठी भांडायलाही कुणी नव्हतं. माझ्या मते नुकसानच जास्त झालं.

नुसता पैसा असला की काम होतं असंही नाही. २०१७ च्या जूनमध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी पालिकेने ७.५९ टक्क्यांनी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबई शेअर बाजारात वाजतगाजत नोंदणी झाली. पुढे दोन-तीन महिन्यांत चढ्या दरांवरून टेंडरच रद्द! व्याज मात्र चालू.

तुम्ही काय कराल? अंदाजपत्रक पालिकेच्या वेबसाइटवर असतं. त्यात तुमच्या कामाचा बजेट कोड शोधा आणि संबंधित खात्यात जा. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात माहिती अधिकाराचा अर्ज न करता फाइल बघायची सोय पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली होती; ती आता चालू आहे का ते आधी विचारा, नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीन गोष्टी विचारा: वर्क ऑर्डर निघाली का, वर्गीकरण झालं का, मागच्या वर्षीचं किती बिल या कोडवर चढलंय. ‘बजेट नाही’ या उत्तरावर परत येऊ नका, कोड दाखवून बोला.

फक्त तुम्ही राहता कुठे ते लिहिलं नाहीत. २०१७ मध्ये आलेल्या ११ किंवा २०२१ मधल्या २३ गावांपैकी एखाद्यात असाल, तर तिथे अनेक ठिकाणी मुख्य मलवाहिनीच पोचलेली नाही. मग गल्लीतली लाइन टाकूनही ती जोडायची कुठे? अशा वेळी गल्लीच्या लाइनमागे न लागता आधी मुख्य वाहिनीचा नकाशा मागा.