फोरमनचं वय आणि तुझ्या यजमानांचं वजन

‘ताई, आमचे हे 34 वर्षांचे. गेल्या वर्षी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. 18 ते 29 या वयात पलटणीकडून बॉक्सिंग खेळले, 57 किलो वजनगटात. आता एक जण त्यांना व्यावसायिक लढतींमध्ये उतरवायला तयार आहे. मी नको म्हटलं की म्हणतात, “फोरमन 45व्या वर्षी जगज्जेता झाला, माझा खरा काळ तर आता सुरू होतोय.” आम्हाला दोन मुलं आहेत. परवा एका संध्याकाळी त्यांनी मला धाकटीची फी भरली का, हे तीनदा विचारलं. मी उगाच घाबरतेय का?’
– एक वाचक, सातारा जिल्हा

अगं, तू उगाच घाबरत नाहीयेस. तुझं पत्र वाचताना त्या फीच्या ओळीशी मी थांबले. त्याबद्दल बोलूच, पण आधी फोरमनचं बघू. घरात रोज तेच नाव निघत असेल, तर त्याची पूर्ण गोष्ट तुला माहीत हवी.

5 नोव्हेंबर 1994. लास वेगास. अमेरिकन बॉक्सर जॉर्ज फोरमननं 45व्या वर्षी तेव्हाच्या हेवीवेट जगज्जेत्या मायकेल मूररला हरवलं, हे अगदी खरं. अंगात तीच लाल चड्डी होती, 20 वर्षांपूर्वी किन्शासात मुहम्मद अलीशी हरताना घातलेली. पण ती लढत कशी चालली होती? नऊ राउंड फोरमन मार खात होता आणि तिन्ही पंचांच्या गुणांमध्ये मागे होता. दहाव्या राउंडमध्ये त्याच्या उजव्या हाताचा ठोसा बसला आणि मूरर उठला नाही. फोरमन हेवीवेट होता, शंभर किलोच्या वरचा. बॉक्सरच्या अंगातून आधी वेग जातो, मग पायांतली चपळाई, आणि ठोशातला जोर सगळ्यांत शेवटी. वजनदार माणसाला त्या उरलेल्या जोरावर एखादी रात्र मारून नेता येते. 57 किलोच्या माणसाचं सगळं भांडवल म्हणजे वेग. म्हणून हलक्या वजनाच्या बॉक्सरचा बहर बहुतेकदा तिशीच्या आसपास ओसरायला लागतो आणि हेवीवेटचा पस्तिशीपर्यंत, कधी त्याहीपुढे टिकतो.

आणखी एक. फोरमन 1977 ते 1987 अशी तब्बल 10 वर्षं रिंगमध्ये उतरलाच नव्हता. त्या काळात त्याच्या डोक्यावर ठोसे पडले नाहीत. तुझे यजमान म्हणतील, मीही 5 वर्षं थांबलोय. विश्रांतीनं नवा मार वाचतो, हे मान्य. पण गेलेली चपळाई विश्रांतीनं परत येत नाही.

ते मेरी कोमचंही नाव काढतील. काढू देत. पस्तिशी गाठलेली असताना, तीन मुलांची आई असताना, 2018 मध्ये दिल्लीत 48 किलो गटात तिनं सहावं जागतिक सुवर्ण जिंकलं. मला तिचा फार अभिमान आहे. पण ती वर्षानुवर्षं त्याच खेळात, त्याच सरावात होती. आणि तो हौशी खेळ होता, तीन राउंडांचा. व्यावसायिक लढत चार राउंडांपासून बारापर्यंत जाते. तुझ्या यजमानांच्या वजनाला हौशी खेळात ग्लोव्हज 10 औंसांचे असतात, व्यावसायिक लढतीत 8 औंसांचे. गादी पातळ, मार जास्त. विजेंदर सिंग व्यावसायिक झाला तेव्हा 29 वर्षांचा होता, आणि 75 किलोचा.

बॉक्सरचा बहर वाढदिवसावरून मोजता येत नाही. माइक टायसन 20व्या वर्षी जगज्जेता झाला आणि 23व्या वर्षी टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला पाडलं. काहींचा बहर दहा-बारा वर्षं टिकतो, काहींचा तीनच. किती राउंड झाले, सरावात किती मार खाल्ला, वजन उतरवण्यासाठी किती वेळा अंग सुकवलं, हे सगळं त्यात जमा होत जातं. बहर सरतोय हे बॉक्सरला स्वतःला सगळ्यांत उशिरा कळतं, कारण समोरचा ठोसा त्याला अजून दिसत असतो. फक्त डोकं बाजूला होईपर्यंत तो लागलेला असतो.

मुहम्मद अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको 1977 मध्ये शेव्हर्सबरोबरच्या लढतीनंतर त्याच्यापासून बाजूला झाले, कारण अली थांबायला तयार नव्हता. पुढे 1980 मध्ये, 38व्या वर्षी, लॅरी होम्सनं त्याला दहा राउंड झोडपलं. 1984 मध्ये पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. माझे एक मामा सैन्यात बॉक्सिंग खेळायचे. साठीत ते चहा बशीत ओतायचे तेव्हा बशी कपावर वाजत राहायची, आणि मामी गप्पा न थांबवता हळूच तिला खालून हात लावायची. ते कशामुळे होत होतं, हे कुणी डॉक्टरला कधी विचारलंच नाही. म्हणून तुला हे इतकं पोटतिडकीनं लिहितेय.

आता फीबद्दल. एका संध्याकाळी तीनदा विचारलं, एवढ्यावरून काही ठरत नाही. घरात पैशांची काळजी असली की माणूस तसा विचारतोही. पण अकरा वर्षं ठोसे खाल्लेल्या माणसाबाबत हे तपासल्याशिवाय सोडू नकोस. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये त्यांच्याबरोबर तू स्वतः जा. किती वर्षं खेळले, कितीदा खाली पडले, कधी शुद्ध गेली होती का, हे सगळं डॉक्टरांना सांगा आणि मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. रात्री झोप कशी लागते, चिडचिड वाढलीय का, डोकं दुखतं का, हे आजपासून वहीत लिहून ठेव. तोवर करारावर सही नाही आणि स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढतही नाही. दोरीच्या उड्या, धावणं, बॅगवर सराव खुशाल करू देत.

माझं मत विचारशील तर, तपासणीत सगळं स्वच्छ निघालं तरी 34व्या वर्षी, 57 किलोला, त्यांनी व्यावसायिक लढतींमध्ये नव्यानं उतरू नये. हे त्यांना तुझं भांडण म्हणून सांगू नकोस. फोरमनची ती लढत दोघं मिळून पहिल्या राउंडपासून बघा, नुसता शेवटचा ठोसा नको. आणि त्यांना विचार, तालुक्यातल्या पोरांना कोण शिकवतं? पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम असतो, त्याची चौकशी करायला सांग.

डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळव.