'द अ‍ॅमिटीव्हिल हॉरर' या भयपटाचा २००५चा रिमेक खरंच सत्यघटनेवर आधारित आहे का? आणि आधी जुना बघावा की नवा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: आधी १९७९चा बघा. पहिल्याला जास्त वेळ लागेल, कारण "सत्यघटनेवर आधारित" या पाटीखाली या रिमेकनं जे केलंय त्याची मला मनापासून चीड आहे.

सिद्ध झालेलं सत्य एवढंच. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर अ‍ॅमिटीव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या ११२, ओशन अ‍ॅव्हेन्यू या घरात १३ नोव्हेंबर १९७४ला पहाटे तीनच्या सुमारास रोनाल्ड डिफिओ ज्युनिअर या २३ वर्षांच्या मुलानं पॉइंट ३५ कॅलिबरच्या मार्लिन रायफलनं आईवडिलांना आणि चार भावंडांना गोळ्या घातल्या. आईवडिलांना दोन-दोन, मुलांना एकेक. सहाही जण आपापल्या अंथरुणात पालथे सापडले. डॉन १८ वर्षांची होती, अ‍ॅलिसन १३, मार्क १२, आणि धाकटा जॉन मॅथ्यू ९. रोनाल्डच्या वकिलानं वेडेपणाचा बचाव मांडला, ज्युरीनं तो मानला नाही. ४ डिसेंबर १९७५ला प्रत्येक खुनासाठी २५ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. मार्च २०२१मध्ये, शिक्षा भोगत असतानाच, तो वारला.

आता रिमेक लावा. त्यात जोडी डिफिओ नावाची मुलगी आहे. कपाटात लपते, भाऊ तिला तिथेच गोळी घालतो, आणि पुढे सिनेमाभर ती कपाळावरचं भोक घेऊन फिरते. मुलं सांभाळायला आलेल्या मुलीला त्या भोकात बोट घालायला लावते, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. पण डिफिओंच्या घरात जोडी नावाची मुलगी कधी नव्हतीच. ते नाव दोन्ही सिनेमे ज्यावर बेतलेत त्या १९७७च्या पुस्तकातून उचललंय, आणि पुस्तकातली जोडी म्हणजे खुनांनंतर तिथे राहायला आलेल्या लट्झ कुटुंबातल्या छोट्या मुलीला दिसणारं, लाल डोळ्यांचं डुक्कर! म्हणजे खरी मेलेली चार मुलं बाजूला सारली, डुकराचं नाव एका खोट्या मुलीला दिलं, तिला डिफिओ आडनाव लावलं आणि वर "सत्यघटना" लिहिलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. सिनेमाचा खर्च सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर, जगभरची कमाई १० कोटींच्या वर.

तळघरात आदिवासींचा छळ करणारा धर्मोपदेशक केचम, तोही असाच. पुस्तकात केचम नावाच्या माणसाचा ओझरता उल्लेख आहे, रिमेकनं त्याचा छळछावणीवाला केला. पुस्तक आणखी सांगतं की शिनेकॉक जमात आपल्या वेड्या आणि मरणासन्न माणसांना याच जागी आणून सोडायची. शिनेकॉक लोकांचा मुलूख लाँग आयलंडच्या पूर्व टोकाकडे, अ‍ॅमिटीव्हिल पश्चिमेला. स्थानिक इतिहासाच्या जाणकारांनी हे तेव्हाच खोडून काढलं होतं.

खून आणि सिनेमा यांच्या मधला थर सगळ्यात महत्त्वाचा, कारण घोळ तिथे होतो. जॉर्ज आणि कॅथी लट्झ यांनी हे घर ८०,००० डॉलरला घेतलं. पोहण्याचा तलाव, कालव्याकाठी बोट ठेवायची शेड, असं ऐसपैस घर, आणि वर फक्त ४०० डॉलरमध्ये डिफिओंचं फर्निचर. खून झालेल्या माणसांचं सामान जिथल्या तिथे होतं आणि हे त्यातच राहायला आले. तारीख १८ डिसेंबर १९७५, म्हणजे रोनाल्डला शिक्षा होऊन जेमतेम दोन आठवडे. १४ जानेवारी १९७६ला, २८ दिवसांनी, तीन मुलांना घेऊन ते बाहेर पडले.

पुढची पायरी बहुतेकांना माहीत नसते. बाहेर पडल्यावर लट्झ जोडप्याची बोलणी कुणाशी झाली? विल्यम वेबरशी, म्हणजे रोनाल्डच्याच वकिलाशी. त्याला अशिलासाठी नवा खटला हवा होता, आणि घरातच काहीतरी वाईट आहे, हे सांगणारं कुटुंब आयतं समोर बसलेलं. नंतर पैशावरून फाटलं. लट्झनी आपली कहाणी टेपवर सांगितली, सुमारे ४५ तासांच्या त्या टेपवरून लेखक जे अ‍ॅन्सननं पुस्तक लिहिलं, आणि वेबर बाहेर राहिला. मग दोन्हीकडून दावे. १९७९मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात न्यायमूर्ती जॅक वाइनस्टाइन यांनी लट्झचे दावे फेटाळले आणि म्हणाले की पुस्तक बऱ्याच अंशी कल्पित दिसतं, आणि त्यातला मोठा भाग वेबरच्या सूचनांवर उभा आहे. खुद्द वेबरनं त्याच वर्षी मासिकाला सांगितलं की वाइनच्या बाटल्या रिकाम्या करत आम्ही मिळून ही कथा रचली. अर्थात तो तेव्हा लट्झचा विरोधक होता, त्यामुळे त्याचा शब्द एकट्यानं धरू नका.

म्हणून माणसांचे शब्द सोडा, वस्तू तपासा. पुस्तकात १ जानेवारी १९७६ला बर्फात दुभंगलेल्या खुरांचे ठसे दिसतात. खुराचा ठसा उमटायला मऊ बर्फ लागतो, आणि हवामानाच्या नोंदीत त्या दिवशी अ‍ॅमिटीव्हिलला बर्फ पडलेलाच नाही. पुस्तकात दारं-खिडक्या उखडल्या जातात, कुलपं तुटतात. नंतर तिथे राहायला आलेल्या कुटुंबानं कॅमेऱ्यासमोर दाखवलं की बिजागऱ्या, कुलपं, कड्या सगळं मूळचंच आहे. दार बिजागरीतून निघालं तर स्क्रूची भोकं फाटतात, चौकटीचं लाकूड चिरतं आणि बिजागरी नव्या जागी बसवावी लागते. जुन्या रंगाचा थर मग अखंड राहत नाही. पुस्तकात पोलीस घरी येतात, पण त्या २८ दिवसांत लट्झनी पोलिसांना बोलावल्याची नोंद नाही. घर आशीर्वादित करायला आलेल्या पाद्र्याला "चालता हो" असा आवाज ऐकू येतो. त्याच पाद्र्यानं खटल्यात प्रतिज्ञापत्र दिलं की या बाबतीत लट्झशी माझा संबंध फक्त फोनवरून आला. पुढे टीव्हीवर, चेहरा झाकून, तो आवाज ऐकल्याचंही सांगितलं. दोन्हीपैकी एकच खरं असू शकतं, आणि शपथेवर सांगितलेलं मी वरचढ धरतो.

कुठल्याही "सत्यघटने"चा सिनेमा असाच सोलायचा. कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात कोर्टात किंवा सरकारी दप्तरात आहे ते: नावं, वयं, तारखा, हत्यार. दुसऱ्यात एकाच पक्षानं सांगितलेलं, आणि त्या प्रत्येक ओळीसमोर, हे सांगून त्याला काय मिळणार होतं, तेही लिहा. तिसऱ्यात जे फक्त पटकथेत आहे ते. मग दुसऱ्या रकान्यातून मागे खूण उरेल अशी विधानं वेगळी काढा: बर्फ, मोडलेलं दार, पोलिसांना फोन, दवाखान्याची नोंद. थंडी वाजली, वास आला, कुणीतरी बघतंय असं वाटलं, यांच्या मागे लागू नका, ती ना सिद्ध होतात ना खोटी ठरतात. या सिनेमात पहिल्या रकान्यात सहा खून आणि एक घरखरेदी, बस. रिमेकचा जवळपास सगळा भीतीचा माल तिसऱ्यात जातो.

इथे नेहमी एकजण म्हणतो, "आगीशिवाय धूर नाही, लट्झ नवराबायको दोघं पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी, पास झाले होते." झाले होते, जून १९७९मध्ये. पण ते यंत्र श्वास, रक्तदाब, नाडी आणि त्वचेवरचा घाम मोजतं, खोटेपणा मोजत नाही. प्रश्न हो-नाही स्वरूपाचे आणि नेमके असतात. स्वतःच्या आठवणीवर ज्याचा विश्वास बसलाय त्याची रेघ सपाटच येते. फार तर एवढं म्हणा की त्यांना भीती वाटली होती. त्या भीतीनं १ जानेवारीला बर्फ पडत नाही. आणि त्या घरात काढलेल्या, छोट्या मुलाच्या "भुताच्या" फोटोचं म्हणाल, तर तो इन्फ्रारेड फिल्मवर काढलाय. त्या फिल्मवर त्वचा फिकट येते आणि डोळे चमकू शकतात, जिवंत माणूसही असाच दिसू शकतो. १९७६चा फोटो १९७९मध्ये, सिनेमाच्या वर्षी, लोकांसमोर आला.

लट्झच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. ते शेवटपर्यंत आपल्या कहाणीवर ठाम राहिले, आणि रिमेकवर सगळ्यात आधी चिडलेला माणूस खुद्द जॉर्ज लट्झच होता. त्यात तो कुऱ्हाडीनं कुत्रा मारतो, घरच्यांसाठी शवपेट्या बनवतो. प्रत्यक्षात यातलं काही झालं नव्हतं, म्हणून त्यानं निर्मात्यांवर दावा लावला. त्यातला बदनामीचा भाग कोर्टानं नोव्हेंबर २००५मध्ये फेटाळला, आणि बाकीचा निकाल लागण्याआधीच मे २००६मध्ये तो गेला. शेजाऱ्यांना खुनांच्या रात्री आठ गोळ्यांऐवजी फक्त कुत्र्याचं भुंकणं का ऐकू आलं, हा प्रश्नही खरा आहे. रायफलला सायलेन्सर होता असा पुरावा मिळाला नाही, आणि रोनाल्ड आयुष्यभर जबान्या बदलत राहिला. पण तो प्रश्न खुनाच्या तपासाचा आहे, भुताचा नाही.

जुना आधी का, तर १९७९चाही खरा नाही, पण त्याची भीती ओळखीची आहे. ऐपतीबाहेरचं घर, बायकोच्या भावाच्या लग्नाचे हरवलेले दीड हजार डॉलर, आणि शेकोटीसमोर बसूनही ऊब न येणारा, सतत लाकडं फोडणारा बाप. जेम्स ब्रोलिनचे डोळे तारवटत जातात ते काळजीनं. रायन रेनॉल्ड्स काम चांगलं करतो, पण रिमेकमध्ये त्याला घराच्या हप्त्यांसाठी वेळच दिलेला नाही, दर दहा मिनिटांनी कुणीतरी अंगावर येतं. छोट्या मुलीच्या कामात क्लोई ग्रेस मॉरेट्झ आहे, तिचा हा पहिलाच मोठा सिनेमा.

न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे राहत असाल आणि घर बघायला जायचा बेत असेल तर राहू द्या. १९७९चं चित्रीकरण न्यू जर्सीत टॉम्स रिव्हरला झालं आणि २००५च्या सिनेमातलं घर विस्कॉन्सिनमधलं आहे. मूळ घराचा क्रमांक बदलून १०८ केलाय, माळ्यावरच्या त्या डोळ्यांसारख्या खिडक्या काढून साध्या चौकोनी बसवल्यात. आत लोक राहतात.