लष्करी प्रोजेक्टर आणि युद्धकाळातील मानके: वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १६ मिमी रुंदीच्या फिल्मच्या प्रोजेक्टरांसाठी जी तांत्रिक मानके ठरवली, ती म्हणजे यंत्र कधीच न बिघडण्याची हमी, असा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत वारंवार दिसतो. म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : जुन्या बाजारात हिरव्या रंगाचा प्रोजेक्टर पाहिला. विक्रेता तो ‘लष्करी मानकाचा’ म्हणून दुप्पट किंमत सांगतो. घ्यावा का?

केवळ रंगावर विसंबून घेऊ नका. युद्धाच्या सुरुवातीला सैन्याने बाजारात मिळणारीच यंत्रे घेतली होती आणि एका कंपनीचा सुटा भाग दुसरीच्या यंत्राला बसत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकन स्टँडर्ड्स असोसिएशन या मानके ठरवणाऱ्या संस्थेची छायाचित्रण व चलच्चित्रणाची युद्धसमिती, झेड-५२, कामाला लागली आणि थलसेना व नौसेना यांचे संयुक्त विनिर्देश, जॅन-पी-४९, तयार झाले. यंत्रावरील धातूच्या पट्टीवर काय कोरले आहे ते वाचा आणि पैसे देण्यापूर्वी यंत्र एखाद्या जाणकाराकडून उघडून पाहून घ्या. हिरवा रंग कोणीही, केव्हाही देऊ शकतो.

प्रश्न : १६ मिमी फिल्म जुन्या सिनेमाच्या रिळांसारखी पेट घेते, हे खरे का?

नाही, भडकणारी नायट्रेट फिल्म ३५ मिमीची, तर कोडॅकने १९२३ साली आणलेली १६ मिमी फिल्म सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटची होती. मात्र डब्यातून व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ती न चालवता चित्रपट-जतनाच्या तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : मेकॅनिकने आवाज ‘कानाने’ जुळवून दिला, तरी संवादांमागे सतत घरघर ऐकू येते. यंत्रच जुने म्हणून असे होते का?

यंत्राच्या वयाला दोष देण्यापूर्वी ‘कानाने जुळवणे’ तपासा. फिल्मच्या एका कडेला ध्वनिपट्टी असते. एक्सायटर दिव्याचा, म्हणजे आवाज वाचण्यासाठी बसवलेल्या लहान दिव्याचा, प्रकाश बारीक रेघेच्या रूपात तिच्यावर पडतो आणि पलीकडच्या फोटोसेलपर्यंत, म्हणजे प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतो. ही रेघ पट्टीच्या ठरावीक, सुमारे १.८ मिमी रुंदीवरच पडायला हवी. ती चित्राच्या बाजूला सरकली, की सेकंदाला २४ वेळा जाणारी चौकटींची किनारही फोटोसेल ‘वाचतो’ आणि ती घरघर म्हणून ऐकू येते. युद्धकाळात एकाच प्रयोगशाळेत छापलेल्या प्रती वेगवेगळ्या छावण्यांत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालायच्या होत्या. तिथे प्रत्येक मेकॅनिकच्या कानावर सोडून भागणार नव्हते. म्हणून मानकांत चाचणी-फिल्म आली. त्यांपैकी ‘बझ-ट्रॅक’ फिल्मवर संवाद नाहीत, संगीत नाही; रेघेने जिथे राहायला हवे त्या जागेच्या एका बाजूला सेकंदाला ३०० आवर्तनांचा जाड सूर आणि दुसऱ्या बाजूला १००० आवर्तनांचा बारीक सूर असतो. जाड सूर आला तर रेघ एकीकडे सरकली आहे, बारीक आला तर दुसरीकडे, आणि दोन्ही नाहीसे झाले की जागा बरोबर आहे. आवाज ‘चांगला’ आहे की नाही हे मेकॅनिकला ठरवावे लागत नाही, केवळ सूर आहे की नाही एवढेच ऐकावे लागते. चाचणी-फिल्म न लावता स्क्रू फिरवणाऱ्याकडे यंत्र पुन्हा देऊ नये, असे मी कळकळीने सांगतो.

प्रश्न : पात्रांचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. काय करावे?

चित्राच्या खिडकीखालचा फिल्मचा लूप, म्हणजे सैल सोडलेला वळसा, पुन्हा घाला; १६ मिमीमध्ये आवाज चित्राच्या २६ चौकटी, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर, पुढे छापलेला असतो आणि लूप लहानमोठा झाला की हे अंतर बिघडते.

प्रश्न : यंत्र ११० व्होल्टचे आहे. ट्रान्सफॉर्मर लावला की पुरे ना?

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, विजेची आवर्तने बदलत नाही. अमेरिकेत ती सेकंदाला ६० आहेत, आपल्याकडे ५०. मोटर इंडक्शन प्रकारची, म्हणजे आवर्तनांवर वेग ठरणारी, असेल तर सेकंदाला २४ ऐवजी जेमतेम २० चौकटी जातील आणि सर्व आवाज खालच्या पट्टीत ओढल्यासारखे येतील. गव्हर्नर, म्हणजे वेग स्थिर ठेवणारा भाग, असलेल्या ब्रशच्या मोटरला ही अडचण सहसा येत नाही. मोटर कोणत्या प्रकारची आहे हे वीजतंत्रज्ञाकडून पाहून घेईपर्यंत प्लग लावू नका.