“कोडिंगचं डोकंच नाही माझ्यात”

मुलगी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, आता बेळगावात कॉम्प्युटर सायन्सचं पहिलं वर्ष. सी ह्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजच्या इंटर्नल परीक्षेत नापास झाली तशी वडील तिला माझ्याकडं घेऊन आले. “मॅडम, हिला जमंना झालंय. ब्रँच बदलू काय?” मुलगी एवढंच म्हणाली, “कोडिंगचं डोकंच नाही माझ्यात.”

असं तज्ज्ञांनीही एकदा म्हटलं होतं. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या देहनादी आणि बोर्नाट यांनी २००६ साली दावा केला, की प्रोग्रॅमिंग कुणाला जमेल हे शिकवण्याआधीच एका चाचणीतून कळतं. २०१४ साली बोर्नाट यांनी तो जाहीरपणे मागं घेतला. पुढं कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या ७७८ वर्गांचे गुण तपासले गेले. जमणारे आणि न जमणारे असे दोन ढीग जेमतेम ५.८ टक्के वर्गांत दिसले. वडिलांना हे पटलं. मुलीला नाही, आणि आकड्यांनी भीती जावी अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मी वही मागितली. लॅबचे प्रोग्रॅम सगळे पाठ! एका ओळीवर बोट ठेवलं: बेरीज = बेरीज + आय. “ह्याचा अर्थ सांग बघू.”

“पाठ आहे मॅडम, पण हे खोटंच वाटतंय. सुरुवातीला बेरीज शून्य, आय एक. मग शून्य बरोबर शून्य अधिक एक कसं होईल?”

गाठ इथं होती. ती बीजगणितातलं ‘बरोबर’ वाचत होती; सी-मध्ये ते चिन्ह सांगतं, उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या नावात ठेव. इंग्रजी माध्यमातली मुलंही नेमकी इथंच अडकतात, त्यामुळं माध्यमाला दोष देणं मला मान्य नाही. आम्ही कागदावर ‘आय’ आणि ‘बेरीज’ असे दोन रकाने आखले आणि ती ओळ चार वेळा चालवली. आय एक ते चार, बेरीज एक, तीन, सहा, दहा. सगळं मराठीतून, मोठ्यानं बोलत.

रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अनेक देशांतली प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं तपासली, तेव्हा बऱ्याच जणांना तयार कोडचं उत्तरही काढता येत नव्हतं. वाचताच येत नसेल तर लिहिणार कसं? म्हणून घरी एकच काम दिलं: छापील प्रोग्रॅमच्या ओळी कात्रीनं कापायच्या, मिसळायच्या, परत क्रमानं लावायच्या. न्यूझीलंडमधल्या पार्सन्स आणि हेडन यांनी २००६ साली मांडलेली ही रीत.

पुढच्या भेटीला तिनं दोन ओळी उलट लावल्या होत्या. रकाने आखून चूक तिनंच शोधली. ब्रँचचा विषय सेमिस्टर संपेपर्यंत काढायचा नाही, असं वडिलांशी ठरलंय.