चौघांचं घर आणि महिन्याचं पाच लिटर तेल

प्रश्न : वय ४४, राहणार भांडुप, नोकरी फोर्टात. वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. आम्ही तळण टाळतो, रिफाइंड तेल आणि सैंधव वापरतो. तरी चौघांना महिन्याला ५ लिटर तेल लागतं. एवढं चालेल का?

उत्तर : नाही चालणार. तेल कुठलंही घ्या, ५ मि.लि.च्या चमच्यात ४०च्या आसपास कॅलरी असतातच. माणशी महिना अर्धा लिटर धरा, म्हणजे चौघांना २ लिटर. तळण नसूनही ५ लिटर संपतं, कारण तेल थेट बाटलीतून कढईत पडतं. दर रविवारी जेमतेम अर्धा लिटर वेगळं काढा आणि आठवडा त्यातच भागवा. दिवसाला घरात मिळून १४ छोटे चमचे होतात : भाजीला ४, आमटीच्या फोडणीला २, पोळ्यांना ३, बाकी नाश्त्याला. तेल कमी केलं की भाजी खाली लागते आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. त्यापेक्षा जाड बुडाची कढई, मंद आच, आणि झाकणावर पाणी ठेवून वाफ. मासे खात असाल तर बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा जरूर खा, पण कालवणात. रवा लावून तळलेले नकोत.

सैंधवाचं म्हणाल, तर तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला फरक पडत नाही, उलट बऱ्याचदा त्यात आयोडीन नसतं. साधं आयोडीनयुक्त मीठ घ्या. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरावी. पाव, फरसाण, पापड, लोणच्यातून मीठ पोटात जातंच, तेव्हा ती दोन महिने पुरली तर उत्तम. भातात आणि कणकेत मीठ घालणं आजच थांबवा.

सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत चालत जा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, दिवसाला ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती आधी सोडा, तेलाचं नंतर बघू.

वडिलांना पंचावन्नच्या आत त्रास झाला, त्यामुळे तुमचा धोका वाढतो, आणि तो नुसत्या आहाराने पुसला जात नाही. रक्तदाब, लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल वगैरे) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) याच महिन्यात तपासून अहवाल डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी गोळी दिली, तर पथ्य पाळतोय म्हणून ती टाळू नका.

छातीत दडपण, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं असं काही झालं, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. १०८ला फोन करा.